टॉर्च का विझला?

मे १९२६. रुद्रप्रयागजवळ गोलाबराईला आंब्याच्या झाडावर मचाण आहे, खाली बकरी बांधलेली आहे आणि तिच्या गळ्यात घंटी आहे. आठ वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणे सव्वाशे माणसं खाल्लेल्या बिबट्याची वाट बघत जिम कॉर्बेट वर बसलाय. घंटी वाजते. कॉर्बेट रायफलला जोडलेल्या टॉर्चचं बटन दाबतो, उजेडात बिबट्या दिसतो, रायफल तसूभरही न सरकवता नेम त्याच्या खांद्यावर आलेला असतो, चापाला बोट लागतं आणि नेमका त्याच क्षणी टॉर्च विझतो. गोळी सुटते. पुढे मिट्ट काळोख. लागली की नाही, लागली तर बिबट्या मेला की जखमी होऊन खालच्या झुडपात बसलाय, काहीच कळायला मार्ग नाही.

'द मॅन-ईटिंग लेपर्ड ऑफ रुद्रप्रयाग' (१९४८) वाचलेल्या कुणालाही हा प्रसंग आठवतो. त्याच्या लगेच पुढची दोन-तीन वाक्यं मात्र फारशी कुणाला आठवत नाहीत. कॉर्बेट तिथे सांगतो की असे टॉर्च तेव्हा नवे होते, आपण तो कित्येक महिने नुसता सोबत वागवला, वापरायची वेळच आली नव्हती. बॅटरी किती टिकते ते माहीत नव्हतं आणि ती अधूनमधून तपासावी लागते हेही माहीत नव्हतं. बस. नशिबाला दोष नाही, बिबट्याच्या अंगात भूत असल्याच्या गप्पा नाहीत. माझ्या मते संपूर्ण शिकारसाहित्यातली ही सर्वांत प्रामाणिक वाक्यं आहेत.

मी दिवसभर सर्व्हर का पडला याचे रिपोर्ट लिहितो. मिहानमधल्या आमच्या ऑफिसात अशा रिपोर्टचा एक नियम आहे: माणसाचं शौर्य किंवा चूक लिहायची नाही, कोणता भाग कशामुळे निकामी झाला आणि त्याला पर्याय का नव्हता ते लिहायचं. त्या सवयीने कॉर्बेट परत वाचला तेव्हा हे पुस्तक भलतंच वेगळं दिसलं. त्यात बिबट्याइतकीच साधनं आहेत, आणि बहुतेक साधनं दगा देतात. विष, लोखंडी सापळा, झाडाला बांधून ठेवलेल्या बंदुका. एका रात्री कॉर्बेट आणि इबटसन पेट्रोलच्या दिव्याच्या उजेडात डोंगर चढतायत, बिबट्या मागावर आहे, आणि दिवा दगडावर आपटून त्याचं मँटल तुटतं. आता आत नुसती निळी ज्योत भणभणतेय. इबटसनचा अंदाज असा की दिवा फुटायच्या आत तीन मिनिटं तरी तो हातात धरता येईल. तीन मिनिटं! एखाद्या थ्रिलर लेखकाने हा आकडा कल्पनेतून काढला असता तर आपण त्याला टाळ्या दिल्या असत्या. कॉर्बेट तो जाता जाता सांगतो.

शिकारकथा हा प्रकार एरवी असा चालत नाही. त्यात बंदूक म्हणजे शिकाऱ्याच्या हाताचंच लांबट बोट असतं. नेम चुकला तर हात थरथरला, लागला तर काळीज वाघाचं. मधे लाकूड, पोलाद, स्प्रिंग, काच आणि स्क्रू असतात हे लेखक विसरतो आणि वाचकही. मराठीत तर याची भाषाच तोकडी आहे. बंदुकीचा दस्ता, नळी, चाप, पुढची माशी इतके शब्द आपल्याकडे आहेत, पण बहुतेक ठिकाणी 'नेम धरला आणि चाप ओढला' एवढ्या चार शब्दांत सगळं उरकतं. आपले मोठे रानलेखक या वाटेने गेलेच नाहीत हेही खरं. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' असो की मारुती चितमपल्लींचं लेखन, त्यात महत्त्व बघण्याला आहे. दुर्बीण आहे, पण ती गळ्यात, बंदुकीवर नाही. ते आपलं भाग्यच. पण त्यामुळे बंदुकीवरच्या दुर्बिणीबद्दल, म्हणजे स्कोपबद्दल, मराठी वाचकाची कल्पना हिंदी सिनेमावरून बनलेली आहे: काळं वर्तुळ, मधे फुली, आणि फुलीत जे आलं ते मेलं.

या फुलीबद्दल थोडं बोलायला हवं. कारण जड काडतुसाच्या रायफलीवर टिकणारा स्कोप निवडणं हा वरवर नुसता गॅजेटचा प्रश्न वाटतो, पण कॉर्बेटच्या टॉर्चचाच तो सख्खा भाऊ आहे.

एक साधं गणित करू. .३७५ एच अँड एच हे मोठ्या जनावरांसाठीचं जुनं, नावाजलेलं काडतूस. त्याची गोळी साधारण साडेएकोणीस ग्रॅमची, नळीतून बाहेर पडताना वेग सेकंदाला सुमारे ७७० मीटर. सोबत पाचेक ग्रॅम दारूचा वायू त्याहून जास्त वेगाने बाहेर फेकला जातो. अकरावीच्या पुस्तकातला संवेगाचा नियम लावला तर चार किलोची रायफल सेकंदाला पाच मीटरच्या थोडं वर वेगाने मागे येते. खांद्याला हा धक्का जाणवतोच, पण खांदा मऊ असतो आणि मागे सरकतो. स्कोपला ती मुभा नाही. अर्ध्या किलोची ती नळी दोन बारीक रिंगांनी रायफलीला जखडलेली असते आणि गोळी नळीत असते त्या एका-दीड मिलिसेकंदात रायफलीच्या वेगाला यावी लागते. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे चारशे पट प्रवेग. त्या क्षणापुरता अर्ध्या किलोच्या स्कोपचा भार दोनशे किलो होतो आणि तो पेलतात चार बारके स्क्रू. दर गोळीला.

आत काय होतं ते आणखी मजेशीर आहे. स्कोपच्या नळीत दुसरी एक छोटी नळी असते, तिच्यात भिंगं असतात, आणि ती एका बाजूला स्प्रिंगने, दुसऱ्या बाजूला वरच्या-बाजूच्या दोन नॉबच्या टोकांनी धरून ठेवलेली असते. नॉब फिरवला की आतली नळी केसभर कलते आणि नेम सरकतो. रायफल झिरो करणं म्हणजे एवढंच: फुली आणि गोळीचा ठिकाणा एकत्र आणून ती छोटी नळी तिथेच राहील अशी आशा करणं. धक्क्याने स्प्रिंग दमली, झूमची कडी थोडी सैल झाली, तारेची फुली तुटली, की काच अगदी स्वच्छ असते, चित्र सुंदर दिसतं, आणि गोळी भलतीकडे जाते. यातली खरी गोम ही. बिघडलेला टॉर्च निदान विझतो, आपण बिघडलोय हे सांगतो. बिघडलेला स्कोप तसाच चकाकत राहतो. आमच्या धंद्यात अशा बगला सगळ्यात जास्त घाबरतात: एरर नाही, लॉग स्वच्छ, उत्तर चूक.

(माझ्या मामेभावाकडे स्प्रिंगची एअरगन आहे, ४.५ मिलिमीटरची, विनापरवाना चालणारी. तिच्यावरचा स्कोप दोन महिन्यांत फुली वाकडी करून बसला. आम्हाला वाटायचं एअरगनला धक्का कुठला? पण स्प्रिंगवाली एअरगन आधी मागे आणि मग पिस्टन आपटला की पुढे, असा दोन्हीकडून झटका देते. रायफलीसाठी बनवलेले बरेच स्कोप हा उलटा झटका गृहीतच धरत नाहीत. सीताबर्डीतल्या एका दुकानदाराने आमच्याकडे बघून फक्त मान हलवली.)

तर निवडायचं काय? उत्तर कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच मला आवडतं. कमी झूम, चार-पाचपटीच्या वर नाही, खालच्या टोकाला एकपट किंवा दीडपट. हलका, कारण भार वजनाच्या पटीत वाढतो. झूम नसलेला चालत असेल तर फारच उत्तम, हलणारे भाग कमी. फुली तारेची नको, काचेवर कोरलेली हवी. डोळा आणि काच यांच्यात नऊ-दहा सेंटिमीटर अंतर ठेवून पूर्ण चित्र दिसायला हवं, नाहीतर स्कोपची कड भुवई फोडते. बाहेर जास्त जाडीचे स्क्रू आणि पोलादी माउंट. आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्कोप पटकन काढता यावा आणि खाली नळीवरची साधी माशी शाबूत असावी. विकत घेताना लोक काचेतून रस्त्यापलीकडची पाटी वाचून बघतात. बघायचं ते वेगळंच: वीस गोळ्यांनंतर एकविसावी कुठे लागते. त्याहून शहाणी निवड म्हणजे मुळात धक्काच कमी असलेली रायफल. कॉर्बेटची आवडती .२७५ रिग्बी याच जातीची, तिचा धक्का.३७५च्या निम्म्याहूनही कमी.

ही अक्कल नवी नाही, आणि योगायोगाने ती आपल्याच भागात लिहिली गेली. १८६१ मध्ये नागपूर राजधानी करून मध्य प्रांत बनला. त्याच काळात सातपुड्यात हिंडणारा कॅप्टन जेम्स फोर्सिथ आपल्याला 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया'मुळे माहीत असतो. तो १८७१ मध्ये वारला आणि पुस्तक त्याच वर्षी आलं. त्याचं दुसरं पुस्तक, 'द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स', त्याआधीचं, १८६०च्या दशकातलं. ते साहित्य म्हणून कुणी वाचत नाही. पण त्याचा मुद्दा पाहा. फोर्सिथ म्हणतो ते थोडक्यात असं की जंगलात जनावर किती लांब आहे याचा अंदाज घेऊन साईट वर-खाली करायला वेळ नसतो. म्हणून मोठ्या नळीत गोल गोळी, भरपूर दारू आणि हलके आटे वापरा, म्हणजे जंगलात जितक्या अंतरावर शिकार होते तितक्यात गोळी जवळजवळ सरळ जाईल आणि साईटला हातच लावावा लागणार नाही. जे फिरवावं लागत नाही ते बिघडत नाही. हे मला फोर्सिथच्या सूर्यास्तांच्या वर्णनांपेक्षा जास्त वाचनीय वाटतं. 'हायलँड्स'मध्ये गोंड माणसांबद्दल तो ज्या वरच्या पायरीवरून बोलतो ते आज वाचवत नाही. बंदुकीबद्दल बोलताना त्याची ती पायरी गळून पडते, कारण पोलादाला साहेब कळत नाही.

मग आपल्याकडच्या जुन्या शिकाऱ्यांनी स्कोप वापरले का नाहीत? वाघाची शिकार मचाणावरून वीस-तीस मीटरवर व्हायची, बरेचदा संध्याकाळी. हाक्यात वाघ धावत यायचा. त्या काळच्या स्कोपमध्ये पावसाळ्यात धुकं धरायचं. आत कोरडा नायट्रोजन भरून नळी बंद करण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतरची. वर जड दुनळीचा धक्का. माशी आणि खाच या दोन पोलादी तुकड्यांनी जे काम व्हायचं त्याला काच लावणं म्हणजे बिघडायला एक जागा वाढवणं. आजही इशापूरच्या कारखान्यातली .३१५ रायफल साध्या साईटसहच येते, आणि विदर्भात परवानाधारकाच्या भिंतीवर टांगलेली असते ती बहुधा हीच.

हे सगळं संग्रहालयात ठेवता आलं असतं. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, विषय संपला. पण त्याच कायद्याच्या कलम ११ प्रमाणे माणसाच्या जिवाला धोका झालेलं जनावर मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. नागपूरपासून दोन-तीन तासांवर, पांढरकवड्याच्या जंगलात, २०१८ मध्ये ती परवानगी खरोखर वापरली गेली. टी-१, म्हणजे अवनी. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका, दोन बछडे, नागपूर खंडपीठ आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले अर्ज. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ असगर अली यांच्या गोळीने ती मेली. शवविच्छेदन गोरेवाड्याला झालं.

त्या मोहिमेची सामग्री वाचताना कॉर्बेटच्या पुस्तकाची आठवण येते, फक्त बजेट मोठं आहे. कॅमेरा ट्रॅप, ड्रोन, पॅराग्लायडर, परदेशी जातीचे कुत्रे, एका नामांकित ब्रँडचं अत्तर, हत्ती. यातल्या एका हत्तीने साखळी तोडली आणि त्याच्या पायाखाली एक बाई गेली. वाघिणीने मारलेल्यांच्या यादीत तिचं नाव नाही, साहजिकच. आणि शेवटी जे घडलं ते उघड्या जीपमधून, रात्री, काही मीटरवरून. त्या अंतरावर चारपटीच्या स्कोपमध्ये फक्त पिवळे-काळे केस दिसतात. शिवाय स्कोप नळीच्या चारेक सेंटिमीटर वर बसलेला असतो, त्यामुळे इतक्या जवळून गोळी फुलीच्या खाली लागते. जगातला सर्वांत टिकाऊ स्कोप तिथे निरुपयोगी होता. कारण तिथला प्रश्न 'लागेल का?' असा नव्हताच. 'ही तीच आहे का?' असा होता. ते ठरतं पट्ट्यांवरून, आणि पट्टे जुळवतात दिवसा, कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंसमोर बसून.

नंतरचा सगळा वाद आठवा: तिच्या अंगात रुतलेला डार्ट खरोखर बंदुकीतून आला की नंतर हाताने खुपसला, गोळी कोणत्या बाजूने शिरली, ती हल्ला करत होती की पाठ फिरवून होती, पशुवैद्यक सोबत का नव्हता. हे सगळे साधनांचे आणि क्रमाचे प्रश्न आहेत. आपण, म्हणजे ट्विटरवरचे सगळे, त्यांची उत्तरं माणसांच्या स्वभावात शोधत बसलो. कुणाला शिकारी खुनी हवा होता, कुणाला तारणहार. कापूस वेचायला त्याच रानात जाणाऱ्या बायकांना यातलं काय हवं होतं हे विचारायला फारसं कुणी गेलं नाही. अर्धवट लागलेली गोळी म्हणजे जखमी वाघीण, आणि जखमी वाघीण म्हणजे उद्या सकाळी नेमकं कुणाचं शेत, हा हिशोब त्यांना आपल्याहून चांगला येतो.

म्हणून अमित मसुरकरचा 'शेरनी' (२०२१) पाहताना माझी थोडी निराशा झाली. सिनेमा चांगला आहे, हे आधी सांगतो. वनखात्याचं ऑफिस, त्यातला लाकडी आळस, साहेबाची शेरोशायरी, आणि विद्या बालनची न बोलता बघत राहणारी विद्या व्हिन्सेंट हे सगळं इतकं बरोबर आहे की आमच्या एका वनरक्षक मित्राने ते बघून नुसतं 'हो ना बाप्पा' म्हटलं. पण शरत सक्सेनाचा पिंटू भैया हा निव्वळ बढाईखोर आहे. त्याच्या मिशा, त्याची हाव, त्याचे आकडे. त्याच्या हातातल्या बंदुकीकडे सिनेमा कधी पाहतच नाही. त्याला हास्यास्पद करून दिग्दर्शकाने एक अवघड प्रश्न सोपा करून टाकला: बंदूक वाईट माणसाच्या हातात होती म्हणून वाईट घडलं. समजा पिंटू भैया सज्जन असता, विद्यासारखाच हळवा असता, तर? रात्र तीच, जीप तीच, अंतर तेच. कॉर्बेटपेक्षा सज्जन शिकारी कुठून आणणार, आणि त्याचाही टॉर्च विझलाच की. जुनी शिकारकथा शिकाऱ्याला देव करायची, 'शेरनी' त्याला विदूषक करतो. दोघांचाही कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरच आहे, हातावर नाही.

विदर्भावर या विषयाची कादंबरी अजून यायची आहे. ती कुणी लिहायला घेतली तर तिच्यात शिकारी नसला तरी चालेल, डार्टगनची पेटी मात्र असावी. वनखात्याच्या पथकाकडची ही बंदूक दारूवर नाही, बहुतेकदा कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालते. डार्ट गोळीच्या तुलनेत अगदी सावकाश जातो आणि लगेच खाली झुकतो, म्हणून अंतराप्रमाणे दाब ठरवावा लागतो: वीस मीटरला एक, तीसला दुसरा. कमी पडला तर डार्ट पायाशी, जास्त झाला तर सुई हाडापर्यंत. आणि हा वायू तापमानाप्रमाणे फुगतो. वीस अंशाला त्याच्या सिलिंडरमधला दाब वातावरणाच्या साधारण ५७ पट असतो. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत पंचेचाळीस असतं आणि जीपच्या बॉनेटवर किती ते विचारू नका. सकाळी सहाला केलेला झिरो दुपारी दोनला झिरो राहत नाही. औषध अंगात भिनायला आणखी दहा-पंधरा मिनिटं, आणि तोवर वाघ कुठल्या तुरीत शिरेल ते त्याचं तोच जाणे. बांधाच्या कडेला पंचवीस-तीस वर्षांचा एक मुलगा त्या दाबाच्या काट्याकडे बघत उभा आहे, मागे दोनशे माणसं मोबाईल वर धरून ओरडतायत, त्यातल्या एकाचा बाप परवा गेलाय, आणि काटा लाल रेघेच्या जरा अलीकडे थरथरतोय.